चार नंबर, विजेशिवाय

जुन्नर, मंगळवार, १० फेब्रुवारी

सूरज यास,
मोहसीनचा सलाम.

तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस, म्हणून हे पत्र. ऑक्टोबरात तुझे दोन स्पीकर मी मडगावला पार्सलनं पाठवले होते, त्या पावतीवरून पत्ता घेतला. पिनकोड दोनदा ताडून पाहिला.

काळजीचं काही नाही. तू डीजेसाठी बनवलेला तुकडा, तुझा चार नंबर, आता आम्ही बँडवर वाजवतो, एवढंच कळवायचं होतं.

तू गेल्यापासून इकडे डीजेला परवानगी मिळणं अवघड झालं आहे. पण लग्नाच्या पोरांना चार नंबर पाहिजेच. सुपारी द्यायला येतात ते अकबरचाचांना पहिलं हेच विचारतात, "मास्तर, सूरजचा चार नंबर तुमच्या बँडवर हुईल का?" चाचा आधी हसले. म्हणाले, "अरे, वो मशीन का गाना है. त्यात सूर शोधायचा म्हणजे पोह्यात खडा शोधायचा." पण नाही म्हटलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, म्हणून मला वही घेऊन बसवलं.

दोन दिवस लागले. धडधडीच्या खाली एक सूर आहे. तो वर चढतो, लांबतो आणि शेवटी जरासा वाकतो. मी तो क्लॅरिनेटवर तुझ्याच वेगात वाजवून दाखवला. चाचांनी कानावर हात ठेवले. "इतक्या जोरात माणूस वाजवत नाही, पिसाळलेला वाजवतो. निम्म्यावर आण." मग निम्म्यावर आणला. खाली पप्पूचा संबळ, तोही अगदी हळू.

पहिल्यांदा ओझरच्या एका लग्नात वाजवला. पोरं नाचायची थांबली. मला वाटलं, फसलं. पण ती निघून गेली नाहीत, नुसती उभी राहिली. डीजेवर हा तुकडा छातीवर आदळायचा, ऐकायला काही उरायचं नाही. क्लॅरिनेटवर मला मध्ये श्वास घ्यावा लागतो. मी श्वास घेतला की समोरची माणसंही घेतात, हे मी स्वतः पाहिलं. डीजे आला की म्हातारी माणसं खिडक्या लावून घ्यायची, आता ओट्यावर खुर्ची आणून बसतात. ओझरला एक आजी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ह्यात कुनीतरी कुनाला बोलावतंय बाबा." मी हसून मान हलवली. तेव्हापासून प्रत्येक सुपारीत चार नंबर आहे.

इथवरच लिहिणार होतो. पण परवाचंही लिहितो.

परवा रविवारी खोडदला तुमच्या वस्तीजवळ लग्न होतं. वरात तुझ्या संपतकाकांच्या दारावरून गेली. चार नंबर चालू होता. रत्नाकाकू आतून धावत बाहेर आल्या, पदर डोक्यावर नव्हता, हात पिठाचे. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि तोंडाशी हात धरून त्यांनी ओ दिली. "हाय गंऽ, हाय मीऽ! ये माजे बाईऽ!"

पप्पूचा हात चुकला. मी वाजवायचा थांबलो. काकू माझ्याकडे बघत होत्या. "वाजव की," म्हणाल्या, "थांबला का? ती अजून बांधावरच असंल."

काकूंच्या वृषालीला बिबट्यानं नेलं त्याला चौदा महिने झाले. तुमच्या वस्तीची रीत मला माहीत आहे. दिवस मावळताना उसाकडेला वैरण कापायला एकटी बाई गेली की तिनं थोड्या थोड्या वेळानं हाळी द्यायची आणि घराकडून कुणीतरी ओ द्यायची. बिबट्याला कळावं, माणूस एकटं नाही. घराघराची हाळीची चाल वेगळी. ओ आली नाही तर काम टाकून घराकडे निघायचं. हे तुझ्याच तोंडून ऐकलं आहे.

तर एवढंच कळव, की चार नंबरमधला तो सूर तू कुठून घेतलास.

वृषाली गेली त्या दिवशी तू दुपारी तीनपासून माझ्या बोर्ड रंगवायच्या दुकानात होतास असं मी सांगितलं होतं. ते मी बदललेलं नाही.

तुझा
मोहसीन


जुन्नर, रविवार, २२ फेब्रुवारी

सूरज,

तुझं उत्तर नाही. टपाल चार दिवसांत पोहोचतं असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या.

रोजे चालू झाले आहेत. दिवसभर पाणी नाही, त्यात क्लॅरिनेट फुंकायची म्हणजे ओठ पत्तीला चिकटतात. चाचा म्हणतात, चार नंबर तेवढा वगळ. लोक ऐकत नाहीत.

मी एक गोष्ट केली आहे, ती तुला सांगून टाकतो. आम्ही वाजवतो तो चार नंबर निम्म्या वेगाचा आहे. मग तुझा मूळचा तुकडाच निम्म्या वेगानं लावला तर काय ऐकू येईल, असं माझ्या मनात आलं. परवा दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि फोनवर वेग कमी करून, कानात घालून ऐकला.

तो सूर वाद्याचा नाही. तो वृषालीचा आवाज आहे.

मला वाटलं होतं तू चाल घेतली असशील. तुझ्या घरातली चाल, त्यावर तुझा हक्क आहे. पण तू तिचा आवाजच घेतला आहेस आणि वेग वाढवून त्याची पिपाणी केली आहेस, म्हणजे कुणाला ओळखू येऊ नये. कुणाला आलाही नाही. तिच्या सख्ख्या आईला नाही आला, तू जाईपर्यंत नऊ महिने तुझ्या स्पीकरवर तो गावभर वाजत होता तरी. क्लॅरिनेटवर आला.

मी नऊ वेळा ऐकला. एकच हाळी तू पुन्हा पुन्हा वापरली आहेस, ते पुन्हा येणं वगळलं तर वेगवेगळ्या सात आहेत. त्यांच्यामागे पाण्याच्या मोटारीची घरघर आहे. म्हणजे तू मोटारीच्या खोलीत बसून हे टिपलंस. तिथून तुमचा ऊस दहा पावलांवर आहे. तिसऱ्या आणि चौथ्या हाळीच्या मध्ये कुणीतरी खाकरलं आहे, तोंडावर हात ठेवून. ते खाकरणं मी ओळखतो. शाळेत कविता म्हणायला उभा राहिलास की तू तसाच खाकरायचास.

आणि कुठल्याच हाळीनंतर ओ नाही.

आता मला वाटतं ते लिहितो. चूक असेल तर चूक आहे म्हणून कळव. रत्नाकाकू पहिल्या दिवसापासून सांगत आल्या, "सूरज म्हनला व्हता, काकू तू दूध घालून ये डेअरीवर, मी देतो वृषालीला ओ." कुणी ऐकलं नाही, कारण तू जुन्नरला माझ्याकडे होतास. मी सांगितलं होतं ना. तू त्या संध्याकाळी सव्वासातला माझ्या दुकानात आलास, अंगावर घाम, आणि म्हणालास, "मी तीनपासून हितंच व्हतो म्हन. नारायणगावला डीजेच्या पार्टनरकडं गेलो व्हतो, बापाला कळलं तर घरात घ्यायचा न्हाई." वृषाली गेल्याचं तू त्यानंतर सांगितलंस. मग आपण एकाच गाडीवर वस्तीवर गेलो. काकांनी विचारलं, फॉरेस्टच्या साहेबांनी विचारलं, मी दोघांनाही तेच सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं आणि मी सही केली.

तू नारायणगावला नव्हतास. तू मोटारीच्या खोलीत होतास. ओ दिली असती तर तुझा आवाज टिपला गेला असता, म्हणून तू गप्प बसलास. ती वाट बघत राहिली, दर वेळी जरा मोठ्यानं, जरा लांबवून. तुला ते जास्त आवडलं असेल. मग ओ येत नाही म्हणून ती काम टाकून, रीतीप्रमाणे, घराकडे निघाली. घराकडची वाट उसातून आहे.

सातवी हाळी हाळी नाही. तुझ्या तुकड्यात एका ठिकाणी सगळं थांबतं, चार मोजेपर्यंत काहीच नाही, आणि मग ते एकटं येतं. पोरं तिथंच शिट्ट्या मारतात. मी ती जागा आतापर्यंत अकरा लग्नांत वाजवली आहे.

हे तू मुद्दाम केलंस असं मला वाटत नाही. तेव्हा तुला माहीत नव्हतं. पण गेल्या वर्षी जानेवारीत कॉम्प्युटरवर बसून तू हे कापलंस, जोडलंस, तेव्हा तुला माहीत होतं.

उत्तर पाठव.

मोहसीन


जुन्नर, बुधवार, ४ मार्च

सूरज,

आज रत्नाकाकू दुकानात आल्या. मी एका भजनी मंडळाचा बोर्ड रंगवत होतो. संपतकाका बाहेर गाडीवरच बसून राहिले, उतरले नाहीत.

काकू खूप वाळल्या आहेत. बोलणं मात्र सरळ आहे, लोक म्हणतात तसं काही नाही. म्हणाल्या, "मोहसीन, त्या दिवशी वाजिवलं त्ये पुन्हा वाजव."

मी म्हटलं, "काकू, रोजा आहे, घसा कोरडा आहे."

"मग बोल. त्वा कुटनं शिकला त्ये? ती आमच्या घरातली हाळी हाय. माज्या सासूची. माज्या आनि वृषालीच्या बिगर कुनाला येत न्हाई."

मी म्हटलं, सूरजच्या तुकड्यात होती, तिथून घेतली. एवढं खरं सांगितलं.

बाहेरून काका ओरडले, "झालं का नाही? का तितं बी आता हाळ्या सुरू केल्या? एकदा द्यायची व्हती तवा दिली न्हाई, आन् आता रोज वरडतीया."

काकूंनी दाराकडे पाठ केली. मला म्हणाल्या, "त्ये माज्या हातचं पानी पीत न्हाईत. भांडं स्वतः धुत्यात, स्वतः भरून घेत्यात. पाडवा झाला की मला घोडेगावला भावाकडं सोडनारेत. कायमचं. म्हनले, पोरगी खाऊन बसलीस, आता तुला डोळ्यापुढं बघवत न्हाई." मग बोर्डाकडे बघत म्हणाल्या, "मी कवा कवा रातची इचार करती, की मीच इसरले का काय. सूरज बोललाच नसंल. मला नुसतं वाटलं असंल. माणसाचं डोकं हाय बाबा, त्ये काय बी बनवतं. म्हनून तुला इचारते. त्या दिवशी तो तुज्या दुकानात व्हता का?"

मी ब्रश थिनरमध्ये बुडवला. मी म्हटलं, "होता."

"तीनपासनं?"

"हो."

"मग मीच," त्या म्हणाल्या. आणि मान हलवली, जसा हिशोब एकदाचा जुळला. "बरं झालं, इचारलं."

त्या गेल्यावर बोर्डावर माझ्या हातून रंगाचा ओघळ आला. तो पुसता येत नव्हता, सगळी ओळ खरडून काढली.

चाचांनी संध्याकाळी रोजा सोडताना विचारलं, "क्या हुआ? तोंड का असं?" मी म्हटलं, उपवासानं. हेही खोटंच.

पाडवा एकोणीस तारखेला आहे. तू येऊन सांग. तुझं तू सांगितलंस तर माझंही मी सांगेन. मी इतके दिवस थांबलो आहे.

मोहसीन


जुन्नर, गुरुवार, १२ मार्च

सूरज,

काल दुपारी अनोळखी नंबरवरून तुझा फोन आला. तू जे बोललास ते मी लगेच वहीत लिहून ठेवलं, म्हणजे नंतर माझं डोकं त्यात काही बनवणार नाही.

तू म्हणालास, "मोहश्या, पत्रं लिहायची बंद कर राव. लेका, पोस्टात कुनी फोडलं तर?"

मी म्हटलं, "मी चुकीचं लिहिलं असेल तर सांग."

तुझ्या मागं कुठेतरी स्पीकर तपासत होते, नुसती धडधड. मग म्हणालास, "दोन मिंटाचा प्रश्न व्हता. मी म्हनलं, दोन मिंटं साफ आवाज मिळू दे, मग देतो ओ. तिला बी माहीत व्हतं मी टिपतो म्हनून. आदल्या दिवशी तीच म्हनली व्हती, दादा, माजं गानं कर."

"तिला त्या दिवशीचं माहीत होतं का, की तू ओ देणार नाहीस?"

तू म्हणालास, "न्हाई."

मी म्हटलं, "मग तो तुकडा का बनवलास?"

"बाकी काय बी राहिलं न्हाई रे तिचं माज्याकडं. आन् तसला आवाज... तसला आवाज पुन्हा मिळनार न्हाई, मोहसीन. तू वाजवतोस ना? तुला म्हाईत हाय."

हेच मला झोपू देत नाही. मला माहीत आहे. मी ती जागा वाजवतो तेव्हा सगळी वरात श्वास धरते, आणि अकरा वेळा मला ते आवडलं. बारावी वेळ मी येऊ दिली नाही, रोज्याचं निमित्त सांगून टाळली. काल चाचांना सांगितलं की चार नंबर मी वाजवणार नाही, दुसरा माणूस बघा. चाचांनी कारण विचारलं नाही. म्हणाले, "ज्या दिवशी बाई ओरडली त्या दिवशीच मला वाटलं होतं."

शेवटी तू म्हणालास, "जबाबावर सही तुजी हाय. खोटी साक्ष कुनी दिली? मी बुडालो तर तू बी बुडशील. तुजा चाचा, बँड, समदं. लोक म्हनतील, बघा, कुनाच्या पोरीचं मढं कोन वाजवत फिरत व्हतं. आन् तुमचं नाव म्हनल्यावर तर इचारायलाच नको."

त्यावर मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल मी घाबरलो. घाबरलोच होतो. आपण एकाच बाकावर नववीपर्यंत बसलो, त्यात तू 'तुमचं नाव' कधी म्हटलं नव्हतंस.

अजून सात दिवस आहेत.

मोहसीन


जुन्नर, बुधवार, १८ मार्च

सूरज,

मी सांगून टाकलं.

आधी फॉरेस्टच्या ऑफिसात गेलो आणि दोन पानं लिहून दिली. माझा पहिला जबाब खोटा होता, सूरज सव्वासात वाजता आला, त्याआधी तो कुठे होता, आणि हे मला कशावरून कळलं. वरती तारीख घातली, खाली सही केली, पोहोच घेतली. पुढे माझं काय होईल ते साहेब सांगू शकले नाहीत.

तिथून वस्तीवर गेलो. संपतकाका गोठ्यात होते. दारात काकूंची पत्र्याची पेटी भरून ठेवलेली होती, त्यावर दोन लुगडी घडी करून. काका म्हणाले, "आता काय? हितं बी बँड लावतो का?"

मी दोघांना बसा म्हटलं. काका बसले नाहीत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न गाळता. सातव्या हाळीचंही सांगितलं. काकांनी एकदाच मध्ये विचारलं, "मोटारीच्या खोलीत?" मी म्हटलं, हो. त्यांनी त्या दिशेनं पाहिलं. तिथून ती खोली दिसते.

मला वाटलं होतं, मारतील. त्यांनी मारलं नाही. ते सावकाश खाली बसले, गोठ्यातल्या शेणातच, आणि काकूंकडे न बघता म्हणाले, "पानी दे."

काकू आत गेल्या. तांब्या भरून आणला. काकांनी हात पुढे केला, पण त्या त्यांच्यासमोरून माझ्याकडे आल्या. लांब कुठेतरी अजान झालेली होती, माझं लक्ष नव्हतं. म्हणाल्या, "तुजा टाइम झाला ना? आधी तू पी." मी प्यालो. मग उरलेलं त्यांनी काकांपुढे ठेवलं. हातात दिलं नाही.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "त्ये मागनं बघू." त्यांना तेव्हा एकच गोष्ट हवी होती. मी फोनवर तुझा तुकडा हळू करून लावतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. "ते तुकडे केलेलं न्हाई ऐकायचं. त्याच्याकडं पुरं असंल. पयल्यापासनं शेवटपोतर, त्यानं टिपलं तसं. तेवढं माजं हाय. ते मी घेनार."

काका म्हणाले, "कुटं हाय तो?"

मी पत्ता सांगितला. त्यांनी तो माझ्याकडून कागदावर लिहून घेतला, मोठ्या अक्षरात.

पाडव्याची गुढी ते उभारणार नाहीत. उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला, तिथून मडगाव. काका आणि काकू दोघंही. घोडेगावचं नाव कुणी काढलं नाही, पण पेटीही अजून दारातच आहे. ती उघडायची की नाही, ते परत आल्यावर ठरवीन असं काकू म्हणाल्या. मी सोबत येऊ का विचारलं. काका नको म्हणाले. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

हे पत्र स्पीड पोस्टनं टाकणार आहे. ते आधी पोहोचेल की ती दोघं, ते मला माहीत नाही. आधी पोहोचलं तर त्या रेकॉर्डिंगला हात लावू नकोस. ते पुसलं असशील, तर त्यात काय काय होतं ते तुला काकूंसमोर बसून सांगावं लागेल, एकेक करून, आणि त्या मध्ये उठणार नाहीत.

पळून जाऊ नकोस, असं लिहिलं होतं. ते खोडून हे लिहितो. तुला जायचं तिथे जा. पण मला कुणी विचारलं की सूरज कुठे आहे, तर मला जेवढं माहीत असेल तेवढं मी खरं सांगणार आहे.

आतापर्यंत खाली नुसतं मोहसीन लिहिलं, गावातही अकबरचाचांचा पुतण्या एवढीच ओळख सांगायची सवय होती. आता पूर्ण नाव लिहितो, जबाबावर लिहिलं तसं.

मोहसीन नसीम शेख